चाखलेली माती

आमच्या घरात माती चाखायचा मान फक्त आबांचा. आबा म्हणजे माझे सासरे. दसरा झाला की लाल मातीचा टेम्पो वाडीच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा आणि आबा खाटेवरून उठून, लुंगी सावरत, कुणाचाही हात न धरता त्यावर चढायचे. वरची माती बाजूला सारायची, ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतली चिमूटभर काढायची आणि जिभेच्या टोकावर ठेवायची. डोळे मिटायचे. मग थुंकायचं आणि दोनपैकी एक सांगायचं, 'उतरव' नाहीतर 'परत ने'. टेम्पोवाल्याने कितीही शपथा घातल्या तरी पुढे एक अक्षर नाही.

मी गिरगावातल्या दोन खोल्यांमधून लग्न होऊन भाईंदरला आलेली. पहिल्या वर्षी हा प्रकार बघितला आणि मला मळमळलंच. नवऱ्याला म्हटलं, "अहो, तुमचे वडील माती खातात." तो हसून म्हणाला, "खात नाहीत, चाखतात. तुला कुणी आग्रह केलाय का?" त्याला त्यात काहीच विशेष वाटत नव्हतं, कारण त्याच्या सगळ्या लहानपणी त्याने हेच बघितलेलं.

आबांचा जन्म मिठागरात गेला होता. पाणी किती आटलंय, मीठ आज धरेल की उद्या, हे ते एक थेंब जिभेवर ठेवून सांगायचे म्हणे. पुढे मिठागर बंद पडलं, भाताच्या शेतांवर इमारती उठल्या, आणि आमच्याकडे उरली ती जुन्या घरामागची चिंचोळी वाडी. तिथेही दोन हात खणलं की खारट ओल लागते. आमच्या भागात कुठेही खणा, तेच. वाडीतल्या एका वाफ्यात फार पूर्वी बाहेरून आणलेली माती होती, तेवढ्यातच रोपं धड यायची. आणि तुळशीला तर खारं अजिबात सोसत नाही.

तुळशी विकायचा उद्योग सासूबाईंनी सुरू केलेला. ज्येष्ठात बी टाकायचं, पाऊसभर रोपं वाफ्यात वाढवायची, दसऱ्यानंतर ती मातीच्या कुंड्यांमध्ये लावायची आणि भाऊबीज झाली की स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बंद दुकानाच्या ओट्यापुढे मांडून बसायचं, ते तुळशीची लग्नं लागेपर्यंत. सोबत उसाची कांडं, आवळे, चिंचा, झेंडूच्या माळा. सासूबाई गेल्या आणि ते सगळं माझ्याकडे आलं. नवरा रेल्वेच्या फाटकापलीकडे स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात कामाला, त्याला सुट्टी रविवारची. म्हणजे आम्ही दोघंच, आबा आणि मी. माती आबांची, सजावट माझी.

सजावटीचं मला वेडच होतं. सासूबाई कुंडी नुसती गेरूत बुडवायच्या. मी गेरू दोन हात द्यायचे, तो वाळला की चुन्याने काठाला ठिपके, खाली वेलबुट्टी, पुढच्या बाजूला शंख किंवा स्वस्तिक. मंजिऱ्या खुडायच्या म्हणजे रोप बाजूंनी भरतं. खालची पिवळी पानं काढायची. मागे उंच, पुढे बुटकी, मध्ये कृष्णतुळशी, अशी ओट्याच्या पायऱ्यांवर मांडणी करायची. लोक रिक्षा थांबवून बघायचे, काय सांगू! शेजारचा फरसाणवाला गुजराती म्हणायचा, "भाभी, शादी का मंडप लगता है." मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं.

पण कुंडी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे ते आबाच. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू द्यायचे नाहीत. कुंडीत चिमूटभर तांदूळ टाकायचे, दोन्ही हातांनी उचलून द्यायचे आणि म्हणायचे, "नांदू दे सुखानं." एकदा एका बाईने घासाघीस सुरू केली तेव्हा त्यांनी कुंडी मागे घेतली. "बाय, लेक देताव. वांगी न्हाय." ती बाई ओशाळली आणि पुढची सगळी वर्षं आमच्याकडूनच तुळस नेत राहिली.

मी सांगतेय ते दोन हजार सहा-सातच्या आसपासचं. त्या वर्षी उन्हाळ्यात आबांना झटका आला. सकाळी दात घासता घासता तांब्या हातातून पडला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. आठवडाभर हॉस्पिटल, मग दोन महिने व्यायाम. हात आला, पाय आला, बोलणं बऱ्यापैकी आलं. डॉक्टर म्हणाले नशीबवान आहात, आणि मला वेगळं बोलावून सांगितलं की मीठ एकदम कमी करा, जमलं तर बंदच. मी मनात म्हटलं, झालं! ज्या माणसाने जन्मभर भाताबरोबर सुकी मासळी आणि वरून मिठाचा खडा खाल्ला, तो माझं अळणी जेवण माझ्याच डोक्यात घालणार.

तसं काही झालं नाही. मी वाढेन ते आबा खायचे. अळणी आमटी, अळणी भाजी, मुकाट. पूर्वी माझ्या हातच्या कालवणाला रोज काहीतरी नाव ठेवणारा माणूस आता ताट पुसून उठायचा. एके दिवशी तर माझा गोंधळ झाला आणि आमच्या दोघांसाठीची मिठाची डाळ त्यांच्या पानात गेली, त्यांची अळणी आमच्या पानात. नवऱ्याने पहिला घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. आबांनी त्याच्याकडे बघितलं, स्वतःचा वाटा संपवला आणि उठले. मी शेजारणीला कौतुकाने सांगितलं, आजारपणाने माणूस किती मऊ झालाय बघ, आता माझ्यात खोट काढत नाही. मला खरंच वाटलं होतं की इतक्या वर्षांनी मी त्यांना पसंत पडले.

दसऱ्यानंतर टेम्पो आला. नेहमीची माती काशीमीऱ्याकडून डोंगराच्या पायथ्याची यायची. त्या वर्षी टेम्पोवाला म्हणाला, तिथून आता उचलू देत नाहीत, दुसरीकडून आणलीय, "लेकिन माल फर्स्ट क्लास है, चाचा." आबांनी माझा हात धरून टेम्पोवर चढायला नकार दिला. स्वतःच चढले, जरा वेळ लागला. हात घातला, चिमूट काढली, जिभेवर ठेवली, डोळे मिटले. या वेळी डोळे बराच वेळ मिटलेले होते. मी म्हटलं, आजारातून उठलाय माणूस, घेऊ दे त्याचा वेळ. मग थुंकले आणि म्हणाले, "उतरव."

दोनशेवर कुंड्या भरल्या. पाण्याबद्दल मी भारी काटेकोर. आमच्याकडे बोअरचं पाणी मचूळ, ते तुळशीला घालायचं नाही हे मला पहिल्या वर्षीच बजावलेलं. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, ते पिंपात भरून ठेवायचं आणि तांब्याने घालायचं. कंबरेचा काटा ढिला व्हायचा, पण मी कधी कसर केली नाही.

दिवाळीच्या आधीच पानांच्या कडा करपायला लागल्या. आधी खालची पानं, मग मधली. मी आबांना दाखवलं. ते म्हणाले, "आश्विनातला ऊन हाय, व्हतंय असं." कुंड्यांच्या बाहेरच्या अंगाला पांढुरकं काहीतरी फुटत होतं. मला वाटलं माझा चुना सुटतोय, डिंक कमी पडला असेल. मी ओल्या फडक्याने पुसलं आणि परत ठिपके काढले. दोन दिवसांनी परत पांढरं. परत पुसलं.

आणि करपलेली पानं मी खुडून टाकली. हे मला सांगितलंच पाहिजे. मला काहीतरी बिनसलंय हे दिसत होतं. तरी भाऊबीजेच्या दिवशी मी बसून एकेका रोपाची करपलेली पानं काढली, कडा कात्रीने गोल कापल्या, वरच्या शेंड्यावर पाणी शिंपडून टवटवीत केलं. ज्यांची अंगं फारच उघडी पडली त्यांच्याभोवती झेंडूची माळ गुंडाळली. इतकी सुंदर मांडणी मी कधी केली नव्हती. पहिल्या तीन दिवसांत चाळीसएक तुळशी गेल्या. प्रत्येकीत आबांनी तांदूळ टाकले आणि प्रत्येकीला "नांदू दे सुखानं" म्हटलं.

चौथ्या दिवशी पहिली कुंडी परत आली. मग दुपारपर्यंत आणखी दोन. पानं गळून नुसत्या काटक्या उरलेल्या. माणसं भांडत नव्हती, तेच वाईट. लग्नाआधी दारातली तुळस वाळली म्हणजे काय, हे कुणाला सांगावं लागत नाही. एक जण तर कुंडी ओट्यावर ठेवून हात जोडून निघूनच गेला.

घरी आल्यावर नवरा माझ्यावर घसरला. "तूच बोअरचं पाणी घातलं असशील. कंटाळा आला असेल पिंपं भरायचा." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मी काय वेडी आहे? चार आठवडे कंबर मोडून पाणी घातलंय मी!" आबा खाटेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "पाण्याचा न्हाय काय. रोगच पडला असंल." मला आठवतंय, तेव्हा ते माझ्याकडे बघत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान न मांडता रिक्षा केली आणि टेम्पोवाल्याला काशीमीऱ्याच्या नाक्यावर गाठलं. ट्रकांच्या गोंगाटात मी त्याला जे काही ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. चोर, लुच्चा, तुळशीच्या बाबतीत फसवलंस, तुझं भलं होणार नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. हाटकेशला इमारतीच्या पायाचं खोदकाम चाललंय, तिथली माती आणि वर थोडी लाल, असं कबूलही केलं. म्हणजे आमच्याकडची तीच खारट माती, आणि मी कुंड्यांवरून पुसत होते ते मीठ. मग म्हणाला, "भाभी, मैंने छुपाया क्या? चाचा को चखाया था ना. चाचा ने बोला उतार."

खरंच की. त्याने लपवलं नव्हतं. दरवर्षी तो काहीही भरून आणायचा आणि आबा ते ओळखायचे, त्याच्या दृष्टीने व्यवहार तसाच होता. परतीच्या रिक्षात मला ती डाळ आठवली. मग ते अळणी जेवण आठवलं, पुसलेली ताटं आठवली. अगं बाई गं, या माणसाला चवच नाहीये! झटका आल्यापासून नाहीये आणि आम्हाला कुणाला पत्ता नाही.

यानंतर मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते. मी सरळ जाऊन विचारू शकले असते, शेजारी बसून, हळू आवाजात. पण माझ्या डोक्यात राग होता. चाळीस घरांत मेलेल्या तुळशी, नवऱ्याने माझ्यावर घेतलेला आळ, आणि हा माणूस सगळं माहीत असून खाटेवर बसून रोग पडला असेल म्हणतो! दुपारी मी ताक केलं. ज्या माणसाला डॉक्टरांनी मीठ बंद सांगितलेलं, त्याच्या ग्लासात मी दोन चमचे चांगलं भरून मीठ घातलं, ढवळलं आणि त्यांच्या हातात दिलं. आणि समोर उभी राहून बघत बसले.

आबांनी एक मोठा घोट घेतला. दुसरा घेतला. मग ग्लास तोंडापासून जरा लांब धरून त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं देव जाणे.

"काय घातलंस?" त्यांनी विचारलं.

मी ग्लासाकडे बघितलं.

"मीठ?"

मी मान डोलावली. हातातून ग्लास काढून घेतला, कारण ते आणखी प्यायले असते तर मी स्वतःला कुठे तोंड दाखवलं असतं? आबा गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले.

"मना काय कळं न्हाय," ते म्हणाले. "दवाखान्यातून आलो तवापासून. गोड न्हाय, तिखट न्हाय. काय न्हाय."

"मग सांगितलं का नाहीत? जेवताना एकदाही नाही सांगितलंत!"

"जेवताना काय अडतंय? तुमची तोंडा बगतो. पोरानं घास घेतला का कळतं खारट झालाय का बरा झालाय. तसंच चाललंय." मग म्हणाले, "टेम्पोवर मी एकलाच व्हतो. तिथं कुणाचा तोंड बगू?"

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हटलं, "आबा, नुसतं म्हणायचं होतं हो, की आता मला नाही कळत. कोण काय बोललं असतं तुम्हाला?"

"आगर गेला. शेत गेला. तुझी सासू गेली. येवढा एक काम व्हता. तो पण गेला म्हंजे मंग मी कशाला हाय?"

मी तोंडात पदर धरून रडले. रागाने नाही, लाजेने. ते माझ्याकडे बघत बसले आणि जरा वेळाने त्यांनीच मला पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दुकान मांडलं, म्हणजे फक्त ऊस, आवळे आणि झेंडू मांडला. कुंड्या मी घरीच ठेवल्या. मी म्हटलं होतं, तुम्ही येऊ नका, मी बघते काय ते. ऐकतील तर आबा कसले! येऊन ओट्यावर आपल्या जागी बसले. तुळशीच्या लग्नाला तीन दिवस उरले होते.

अकराच्या सुमाराला एक बाई आल्या. दादरहून इकडे सोसायटीत राहायला आलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. सासूबाईंच्या वेळेपासून आमच्याकडून तुळस नेणाऱ्या. कापडी पिशवीतून त्यांनी कुंडी काढली. काटक्या, आणि त्याभोवती माझी झेंडूची माळ, सुकलेली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

"मी काही तक्रार करायला नाही आले हो," त्या म्हणाल्या. "मला फक्त विचारायचंय. मुलीचं ठरतंय या महिन्यात. बोलणी झालीत. आणि ही अशी... माझी सासू म्हणायची की घरात काही दोष असला की तुळस टिकत नाही. तुम्ही इतकी वर्षं हे करताय, तुम्हाला कळत असेल. आमच्या घराचं काही आहे का?"

मी पटकन बोलले. आधी ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. "नाही हो बाई, घराचं काही नाही. चूक माझी आहे. नळाला पाणी नव्हतं, मी बोअरचं पाणी घातलं. खारं होतं. माझ्यामुळे झालं."

बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण इतका झटकन उतरला की मला वाटलं, चला, सुटलो. आबांचं नाव राहिलं आणि बाईंचं मनही राहिलं. नवऱ्याने नाहीतरी मला तेच ठरवलं होतं. खोटं काय वाईट आहे, चार माणसांचं भलं होत असेल तर?

आबा ओट्यावरून उठले. उठताना त्यांना भिंतीला हात लावावा लागला.

"न्हाय, बाय," ते म्हणाले. "सून खोटा सांगते. पाणी तिनं चांगलाच घातला. माती खारी व्हती. ती माती मी चाखली, आन् मी घेतली. माझ्या जिभेला आता चव न्हाय. पाच-सहा म्हयने झालं. मी कुणाला सांगितला न्हाय. तुमच्या घराचा दोष न्हाय. दोष माझा हाय."

रस्ता वाहत होता, रिक्षा हॉर्न मारत होत्या. फरसाणवाल्याचा झारा कढईवर थांबला होता. आबांनी हात जोडले नाहीत, मान खाली घातली नाही. बाईंकडे सरळ बघत उभे होते. झटक्याने ओढलेली ओठाची कड थरथरत होती तेवढीच. बाईंनी पुढे होऊन आबांचा हात धरला आणि त्यांना खाली बसवलं.

मग आबा मला म्हणाले, "लिही." फरसाणवाल्याकडून पुठ्ठा आणला. त्यांनी सांगितलं तसं मी लिहिलं, 'आमच्याकडून तुळस नेली असेल तर परत आणा. माती खारी होती. लग्नाच्या आधी दुसरी देऊ.' खाली हिंदीतून लिहिलं, आणि फरसाणवाल्याने मनाने गुजरातीतून लिहिलं. मी 'माती खारी होती' एवढंच ठेवायला बघत होते. आबांनी 'चाखणाऱ्याची चूक' हे शब्द वर घालायला लावले. मी नाही म्हटलं, वाद घातला, शेवटी लिहिलं. पुठ्ठा उसाच्या मोळीला बांधला. तो वाचून संध्याकाळपर्यंत कितीतरी माणसं आली. काही चिडली. एक गृहस्थ म्हणाले, आता जमत नसेल तर धंदा बंद करा. आबांनी तेही ऐकून घेतलं.

आता द्यायच्या तुळशी कुठून आणायच्या? वाफ्यात साठएक रोपं शिल्लक होती, बुटकी, मी कुंडीत लावण्याच्या लायकीची नाहीत म्हणून सोडून दिलेली. त्या वाफ्याची माती जुनी, गोडी. रोपं हिरवीगार होती. कुंड्या धुऊन घेता आल्या असत्या. अडत होतं ते मातीशी. वाफ्यातली खणून काढली तर पुढच्या वर्षी काही येणार नाही, म्हणून बाहेरूनच आणणं भाग होतं, आणि दिवस दोनच.

नवऱ्याने निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टेम्पोवाला आला. मी इतकं बोलल्यावरही आला, हे मला लिहून ठेवायचंय. या वेळी कुठल्याशा नर्सरीतून आणली म्हणाला. वाडीच्या तोंडाशी टेम्पो उभा राहिला. आबा खाटेवर होते. कुणी हलेना. नवऱ्याने त्या दिवशी मुद्दाम खाडा केला होता, तो जमिनीकडे बघत उभा. टेम्पोवाला एकदा माझ्याकडे बघतोय, एकदा आबांकडे.

आबा म्हणाले, "चड, सूनबाय."

मी म्हटलं, "मला नाही कळणार, आबा. मी कधी..."

"चड."

चढले. साडी खोचून, ढिगात हात घातला. आत गार होतं. चिमूट काढली आणि ती जिभेवर ठेवायची म्हणून तोंड उघडलं तर हात पुढे जाईना. ज्याची किळस मी लग्नापासून करत आले, ते. डोळे मिटायला लागले तर खालून आबांचा आवाज आला, "डोळं मिटू नको. माझ्याकडं बग."

आबा खाटेवरून उठून टेम्पोच्या फळीला धरून उभे होते, मान वर करून. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माती जिभेवर ठेवली. आधी खरखर. मग मातीचा वास नाकात चढला. मग काहीच नाही. मी घाबरले, मला काहीच कळत नाही असं वाटलं, 'चांगली आहे' म्हणून टाकावं आणि सुटावं असंही मनात आलं. आणि मग जिभेच्या कडांना काहीतरी लागलं. बारीक, लांबून आल्यासारखं.

"परत ने," आबा टेम्पोवाल्याला म्हणाले.

मी एक शब्द बोलले नव्हते. थुंकलेसुद्धा नव्हते. टेम्पोवाल्याने कपाळावर हात मारला, पण फळी लावून निघून गेला. दुपारी दीड वाजता दुसरी माती घेऊन आला. मी परत चढले, परत आबांकडे बघत चिमूट जिभेवर ठेवली. ते माझ्या चेहऱ्यावरची नजर न हलवता उभे होते, उन्हात, कितीतरी वेळ.

"उतरव," ते म्हणाले.

खाली उतरल्यावर मी चूळ भरली आणि म्हटलं, "आबा, मी अजून काही सांगितलंच नव्हतं. मला अजून नक्की कळलंसुद्धा नव्हतं."

आबा पाटी उचलायला वाकले होते. न थांबता म्हणाले, "तुना कशाला कळाय पायजे? मी हाय ना."